रुळांपलीकडचे चेहरे

दुबईत एवढी वर्षं नेमकं काय केलंत, असं परत आल्यावर पुण्यात कोणी विचारलं की मी सांगतो, लोकांचे चेहरे दुरुस्त केले. समोरच्याला वाटतं मी प्लास्टिक सर्जन होतो. तेवढा मान आणि तेवढा पगार मिळाला असता तर माझी काही तक्रार नव्हती. मी होतो अल क्वोजमधल्या एका छापखान्यात, प्री-प्रेस विभागाचा इनचार्ज. म्हणजे मजकूर आणि फोटो मशीनवर चढण्याआधी जे काही सोपस्कार लागतात ते सगळे माझ्या माथी. फोटो बिघडला की सगळ्यांची बोटं माझ्याकडे. आणि ‘फोटो छान आलाय’ असं म्हणणारं गिऱ्हाईक मला उभ्या नोकरीत भेटलं नाही.

एका रेस्टॉरंटवाल्यानं मेनूकार्डावरची बिर्याणी अजून पिवळी हवी म्हणून प्रूफवर प्रूफ काढून घेतली. शेवटी ती हळदीच्या लेपासारखी दिसायला लागली तेव्हा त्याचं समाधान झालं. एका ट्रेडिंग कंपनीच्या मालकाचं भागीदाराशी बिनसलं, तर त्यानं ग्रुप फोटोतून भागीदाराला काढायला सांगितलं. काढला. पण भागीदाराचा हात मालकाच्या खांद्यावर होता, तो तसाच राहिला. कॅटलॉग छापून, बांधून, वाटून झाल्यावर मालकाला तो हात दिसला, आणि त्यानंतर तो आमच्याशी जे बोलला ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

पण सगळ्यात जास्त ताप रंगाचा. मी कातडीच्या रंगाबद्दल बोलतोय. मराठी मंडळाच्या स्मरणिकेत कार्यकारिणीचे फोटो असायचे. एका वर्षी एका बाईंनी प्रूफ माझ्यासमोर आपटून विचारलं, ‘काय हो दामले, माझा रंग असा आहे का?’ होता. पण सांगणार कोण? मी ‘लायटिंगचा प्रॉब्लेम झाला असेल’ म्हटलं आणि प्रूफ मयेकरकडे दिलं.

सदानंद मयेकर हा आमचा टच-अप करणारा माणूस. मालवणकडचा. कॉम्प्युटर येण्याआधी तो मुंबईत ब्रशनं फोटो रंगवायचा, त्यामुळे हाताला सवय होती. आता जरा धंद्याचं सांगतो. छापलेला फोटो म्हणजे नुसते ठिपके. भिंगातून बघितलंत तर दिसतील. गडद भागात ठिपके मोठे, फिकट भागात बारीक. ओल्या शाईचा ठिपका कागदावर टेकला की थोडा पसरतो. फिकट भागात ते कळत नाही, पण गडद भागात ठिपके एकमेकांना चिकटतात. सावळ्या माणसाचा फोटो बेफिकिरीनं छापला तर डोळे, नाक, गाल सगळं एका काळ्या डागात बुडतं. म्हणून चेहरा थोडा उजळ करून घ्यायचा, अशी सगळ्याच छापखान्यांत पद्धत असते.

आमच्याकडे ते ‘थोडं’ राहिलं नव्हतं. केरळचे डॉक्टर, तमिळ इंजिनिअर, आपले कोकणी आणि देशावरचे, सगळ्यांनाच उजळ व्हायचं होतं, आणि मयेकर सगळ्यांना उजळ करायचा. रंग उडवला की नाकाची कडही उडते, मग तो ती ब्रशनं पुन्हा ओढायचा, आणि ओढताना नाक आपोआप सरळ आणि चाफेकळी व्हायचं. कोणी कधी तक्रार केली नाही. उलट लोक त्याला मिठाई आणून द्यायचे. पुढेपुढे तो विचारेनासा झाला. फोटो स्क्रीनवर आला की हात चालू.

नवं शतक नुकतंच लागलं होतं, तेव्हा लॉरेटाबाई आमच्याकडे आल्या. अमेरिकन, काळ्या, उंच, पन्नाशीच्या आसपास. शारजाच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायच्या. जॉर्जिया राज्यातल्या एका लहान गावात त्यांची वस्ती होती, तिचा इतिहास त्यांनी लिहिला होता. उन्हाळ्यात वस्तीतल्या विखुरलेल्या लोकांचा मेळावा भरणार होता, त्याच्या आत पुस्तक हवं होतं. तिकडच्यापेक्षा इथे छपाई स्वस्त, म्हणून त्या आमच्या दारात. आमचे मालक लालवाणी शेठ यांनी ऑर्डर घेतली आणि बाई माझ्याकडे पाठवून दिल्या. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं. इथे मराठीत देतो.

बाईंनी माझा अंत पाहिला. मला त्या शेवटपर्यंत ‘मिस्टर डॅमली’ म्हणाल्या, ते सोडून देऊ. पण प्रत्येक प्रूफवर लाल खुणा, आणि त्या दुरुस्त केल्या की पुढच्या प्रूफवर नव्या. त्यातच पुस्तकात जो येईल त्याच्या नावाआधी मिस्टर, मिसेस किंवा मिस. न्हाव्याला मिस्टर, कोळसा विकणाऱ्याला मिस्टर, शाळेच्या शिपायाला मिस्टर. ओळी वाढत होत्या, मजकूर पानाबाहेर चालला होता. वैतागून मी म्हटलं, ‘मॅडम, एकदा सुरुवातीला मिस्टर लिहू, नंतर नुसतं नाव. कोणाला काही वाटणार नाही.’

त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘आमच्या गावच्या वर्तमानपत्रात गोऱ्यांच्या नावाआधी मिस्टर असायचं, आमच्या नसायचं,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या वडिलांना त्यांच्या निम्म्या वयाची गोरी पोरं पहिल्या नावानं हाक मारायची. ते लोक आता गेले, मिस्टर डॅमली. पुस्तकात तरी राहू दे.’

एकेरीत हाक मारणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. मी अक्षरं अर्ध्या पॉइंटनं बारीक केली आणि सगळे मिस्टर पानात बसवले. मग त्यांना अक्षरं बारीक वाटली. मी कपाळाला हात लावला.

कॅप्शन लावता लावता वस्तीची हकीकत मला कळत गेली. रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे गोरे, पलीकडे काळे. कायदाच तसा होता. अलीकडची दुकानं, दवाखाना, शाळा यांत यांना जागा नाही, म्हणून पलीकडे यांनी आपलं सगळं उभं केलं. न्हाव्याचं दुकान, शिंपी, औषधाचं दुकान, चर्च. वर्गण्या काढून शाळा बांधली. पुढे कायदा बदलला, पण मुलं गोऱ्यांच्या शाळेत घातली तेव्हा यांची शाळा बंद झाली आणि शिक्षक घरी बसले. त्यानंतर मोठा रस्ता आला. नकाशावर तो कुठूनही नेता आला असता, पण तो बरोबर रुळांपलीकडून गेला. चर्च गेलं, दुकानं गेली, घरं गेली. उरलेल्या जागेवर पार्किंग झालं.

‘म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती,’ मी मयेकरला मराठीत म्हटलं. काय म्हणालात, असं बाईंनी विचारलं, म्हणून मी समजावून सांगितलं, की आमच्याकडेही काही लोकांना गावाच्या बाहेर राहायला लागायचं.

‘आणि तुमचे लोक कुठे राहायचे? आत की बाहेर?’

‘आत,’ मी म्हटलं.

‘ओके,’ म्हणून त्या पुढच्या कॅप्शनकडे वळल्या.

त्या वस्तीतलं एकच घर उरलं होतं, रस्त्याच्या कडेला एकटं. त्यात त्यांची आँट राहायची, मिस ऑगस्टा. आत्या की मावशी, हे इंग्रजीत कळायची सोय नाही, म्हणून मी विचारून घेतलं. आत्या. त्या वस्तीतल्या शाळेत शिक्षिका होत्या, लग्न केलं नाही. पलीकडचं जवळजवळ प्रत्येक पोर त्यांच्या हाताखालून गेलेलं. जागा घ्यायला लोक घिरट्या घालायचे आणि आत्या त्यांना पायरीवरूनच वाटेला लावायच्या. लॉरेटाबाईंचा चुलतभाऊ त्यांना घर विकून आपल्याकडे चला म्हणून कधीचा मागे लागला होता, पण त्या बधत नव्हत्या.

पुस्तकाचं सगळं घोडं या आत्यांपाशी अडलं होतं. बाईंनी घराघरांतून जुने फोटो मागून आणले होते, पण अर्ध्याअधिक फोटोंमागे नावंच नव्हती. ती सांगू शकेल असं एकच माणूस हयात होतं. आणि त्या आत्या ऐंशीच्या पुढे गेलेल्या. आज आहेत, उद्याचं कोणी सांगावं? बाईंची सगळी घाई त्यासाठी होती. आत्या गेल्या तर फोटोतली माणसं कायमची बिननावाची होणार होती.

मूळ फोटो काडेपेटीएवढे. आत्यांना ते दिसण्यासारखे नव्हते, म्हणून आम्ही फोटो स्कॅन करून मोठे करायचे, छापील प्रूफ काढायची, प्रत्येकाला नंबर द्यायचा आणि थेट जॉर्जियाला कुरिअर करायची, असं ठरलं. आत्या भिंग घेऊन बसतील आणि फोनवर नावं सांगतील. बाईंच्या शाळेत तेव्हा परीक्षा चालू होत्या. माझ्याकडे पाठवत बसू नका, वेळ जाईल, असं त्यांनीच सांगितलं. मी मयेकरला म्हटलं, फोटो मोठे कर, सुरकुत्या आणि डाग काढ आणि पाठवून दे. त्यानं पाठवले. मी त्याच वेळी एका बँकेच्या कॅलेंडरात गळ्यापर्यंत बुडालो होतो.

काही आठवड्यांनी बाई आल्या. हातात लाल पेन नव्हतं. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, ‘नावं टाकू नका. आहेत तसे फोटो छापा.’

भांडायच्या तयारीत असलेला मी गडबडलोच. काय झालं, म्हणून विचारलं.

‘आँट ऑगस्टानं कोणालाच ओळखलं नाही. एकालाही नाही. मला म्हणाली, लॉरेटा, ही कोण परकी माणसं पाठवलीस? माझ्या वडिलांचा फोटो होता त्यात. तिचा सख्खा भाऊ. ती म्हणाली, याला मी कधी पाहिलेलं नाही.’ मग म्हणाल्या, ‘माझा चुलतभाऊ म्हणतच होता, की तिचं डोकं आता चालत नाही. मी उगाच त्याच्याशी भांडत होते. मला उशीर झाला, मिस्टर डॅमली.’

बाई गेल्या आणि मी फोटोंची फाईल उघडली. बिननावाचे फोटो पानांत नव्यानं बसवायचे होते, म्हणजे पुन्हा सगळं काम माझ्याच डोक्यावर. लॉरेटाबाईंच्या वडिलांचा मूळ फोटो टेबलावर होता, शेजारी मी मयेकरच्या प्रूफची आमच्याकडची प्रत ठेवली. आणि माझं टाळकंच फिरलं.

मूळ फोटोत काळाकभिन्न, रुंद नाकाचा, जाड ओठांचा, गालाची हाडं वर आलेला एक तरुण होता. प्रूफमध्ये एक निमगोरा माणूस होता. नाक सरळ, ओठ पातळ, गाल गुळगुळीत. आपल्याकडच्या एखाद्या लग्नाळू मुलाच्या फोटोत शोभला असता. मी एकेक फोटो काढून बघितला. शाळेच्या मास्तरणी, न्हाव्याच्या दुकानातली माणसं, चर्चच्या पायऱ्यांवरची मुलं. मयेकरनं सबंध वस्ती गोरी करून आत्यांकडे पाठवली होती.

मी त्याला बोलावून दोन्ही फोटो समोर धरले. त्याला काय चुकलं तेच कळेना.

‘साहेब, मिया काय वायट केलंय? काळां तोंड छापून इलां तर शिव्या कोण खातलो? बाईंकाच बरां वाटूक होया म्हणान चांगले केलंय.’

‘अरे, त्या म्हातारीनं स्वतःच्या भावाला ओळखलं नाही. तिला वेड लागलं असं घरचे समजतायत.’

मयेकरनं दोन्ही फोटो माझ्या हातातून घेतले. मग हळूच म्हणाला, ‘सगळ्यांकाच असां करतंव मा आपण.’

 मला राग अनावर झाला होता, आणि तो एकट्या मयेकरवर काढण्यात अर्थ नव्हता. त्याला मिठाई देणाऱ्यांत माझी बायकोही होती, आमच्या पुतणीच्या उजळ केलेल्या फोटोबद्दल.

लालवाणी शेठना सांगितलं तर ते हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाले, ‘दामलेजी, मॅडमने खुद बोला ना, बिना नाम के छापो? तो छापो. उनको क्या मालूम पडेगा? यल्ला, चलो, खलास करो.’

‘शेठ, वो बूढी औरत बिलकुल ठीक है. गलती हमारी है.’

‘गलती बोलोगे तो सारा काम फिर से करना पडेगा. कौन भरेगा?’

मी फोन उचलला आणि त्यांच्यासमोरच लॉरेटाबाईंना या म्हणून सांगितलं. धाडस वगैरे काही नव्हतं. त्या बाईंनी माझ्या डोक्याचा एवढा भुगा केला होता, की त्यांचं पुस्तक चुकीचं गेलेलं मलाच सहन झालं नसतं.

बाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. आरडाओरडा होईल म्हणून लालवाणी शेठ केबिनचं दार लावून बसले होते. पण बाईंनी प्रूफवरच्या नाकावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘हे का केलंत?’

मी ठिपक्यांचं सांगितलं, शाईचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘नाकाचं सांगा.’

मी म्हटलं, ‘आमच्याकडे लोकांना असं आवडतं.’

‘आमच्याकडेही आवडायचं,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्या फोटोग्राफरकडे त्यासाठी खास पावडर असायची. आँट ऑगस्टा मुलींना ती पुसून यायला लावायची.’ मग त्या हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदम. आत्यांचं डोकं शाबूत होतं, एवढंच त्यांना दिसत होतं.

मी म्हटलं, आत्ताच फोन करून सांगा. त्या नको म्हणाल्या. उगाच आशा लावली आणि नवे फोटोही ओळखता आले नाहीत, तर आत्या त्या धक्क्यातून उठायच्या नाहीत. आधी फोटो जाऊ देत, मग बोलू.

त्यानंतर आम्ही जे केलं ते आधीच करायला हवं होतं. चांगला आर्ट पेपर घेतला आणि फोटो दोन शायांत छापायचे ठरवले. एक काळी आणि तिच्या जोडीला करडी. काळी फक्त सावलीला, बाकीचा चेहरा करड्यात. म्हणजे रंग न उडवताही गाल, कपाळ, डोळ्याखालची खळगी सगळं वेगवेगळं दिसतं. शाई दुप्पट, प्लेटा दुप्पट, आणि मशीनवाला माझ्या नावानं खडे फोडत होता. मयेकरनं आपले सगळे फोटो टाकून दिले आणि मूळ स्कॅन पुन्हा उघडले. पहिले काही दिवस तो फुगून होता. नंतर कोणी बोलावलं तरी उठेना. एकदा मी मागे उभा राहिलो तर म्हणाला, ‘साहेब, ह्येच्या कपाळार बघा, कितके रंग आसत. माका ठावकच नाय होतां.’

नवे फोटो गेले. आत्यांच्या हातात पडले असतील असा अंदाज घेऊन बाई दुपारी प्रेसवर आल्या, म्हणजे तिकडे सकाळ. नावं लगेच कॅप्शनमध्ये भरता यावीत म्हणून फोन लालवाणी शेठच्या केबिनमधून, स्पीकरवर. शेठ स्वतःच्या खुर्चीतून उठले आणि ती त्यांनी बाईंना दिली, हे मी प्रथमच पाहिलं. मी कॅप्शनचे कागद घेऊन बसलो. मयेकर दारात उभा.

बाईंनी पहिला नंबर सांगितला.

‘मिस्टर ओटिस,’ पलीकडून खणखणीत आवाज आला. ‘शेजारी मिसेस ओटिस. त्या टोपीचे पैसे त्यांनी दुकानदाराला कधीच दिले नाहीत.’

पुढचा नंबर. नाव. पुढचा. नाव. मला लिहायला वेळ मिळेना. चर्चच्या पायऱ्यांवरची मुलं त्यांनी डावीकडून उजवीकडे हजेरी घ्यावी तशी सांगितली, कोणाला गणित येत नव्हतं तेही सांगितलं. प्रत्येक मोठ्या माणसाला मिस्टर आणि मिसेस. मग लॉरेटाबाईंच्या वडिलांचा नंबर आला.

‘हा रूबेन,’ आत्या म्हणाल्या. ‘टाय बघ कसा वाकडा. सांगून सांगून थकले मी त्याला.’

बाईंना पुढचा नंबर वाचता येईना. लालवाणी शेठनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. बाईंनी डोळे पुसले आणि आत्यांना सांगितलं, की आधी आलेले फोटो छापखान्यानं बिघडवले होते. त्यात ही माणसं नव्हतीच. तुमची काही चूक नव्हती.

पलीकडे फोटो खाली ठेवल्याचा आवाज आला. नीट ऐकू यावं म्हणून शेठ पुढे वाकले.

‘म्हणजे माझं डोकं ठीक होतं?’

‘पूर्ण ठीक होतं.’

‘मग, बाळ, मी घर का देऊन टाकलं?’

पहिले फोटो आले त्याच आठवड्यात आत्यांनी चुलतभावाला बोलावलं होतं. आपल्याच भावाला जी ओळखत नाही, तिनं एकटीनं राहू नये, असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि इतकी वर्षं नाकारलेल्या घरविक्रीच्या कागदांवर सही केली. लॉरेटाबाई विरोध करतील म्हणून त्यांना कळवलं नव्हतं. पुढे बाईंनी वकील गाठला, पण सही शुद्धीत केलेली होती आणि ती खोटी होती असं कोणालाच म्हणता येत नव्हतं. पुस्तक वेळेवर छापून झालं, मेळाव्याला पोचलं. तोवर घर पाडून झालं होतं.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दुपारी केबिनमध्ये शेठनी स्पीकर बंद केला. बाई रिसीव्हर कानाला लावून हळू आवाजात आत्यांशी बोलत होत्या. मी बाहेर आलो. मयेकरला आत्यांचं इंग्रजी कळलं नव्हतं. तो माझ्यामागून लगबगीनं आला.

‘म्हातारेन वळखल्यान मा सगळ्यांका?’

‘सगळ्यांना,’ मी म्हटलं, आणि त्याला चहा सांगायला पाठवलं.